पोत्यावरून दिसते तेवढंच

"सर, ज्या कॉमिकात एकबी तोंड नाई, एकबी शब्द नाई अन् शिकवन तं औषधालेबी नाई, ते तुमी अमरावतीले पाठवसान का?"

हा प्रश्न रुचिकाच्या डोक्यातला नव्हता. मधल्या सुटीत वैष्णवीनं आणि मागच्या बाकावरच्या पोरींनी तिला चढवलं होतं, की हिंमत असेल तर चित्रकलेच्या तासाला सगळ्यांसमोर विचारून दाखव. वर्षभरापूर्वीची रुचिका असती तर दप्तरात तोंड खुपसून बसली असती. पण नववीत आल्यापासून तिला काय झालं होतं कोण जाणे, हात आपोआप वर जायचा आणि तोंड त्याच्याही आधी उघडायचं. प्रश्न विचारून झाला तरी ती खाली बसली नाही. उभ्या उभ्या एक पाय हलवत राहिली.

प्रसेनजित सरांनी खडू ठेवला. वयानं तरुण, शाळेत येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, म्हणून पोरं त्यांना आडनावाऐवजी नावानंच सर म्हणत. त्यांनी हात पुढे केला. रुचिकानं वही दिली.

वहीमागची गोष्ट अशी. रुचिकाच्या घरची शिरपूरला लागून दीड एकर बागायत, त्यात मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. बाजाराच्या दिवशी आई, उज्ज्वला, पोतं अंथरून दुकान मांडायची आणि सहावीपासून रुचिका तिच्या शेजारी जुड्या लावत बसायची. पोत्यावर बसलं की माणसाचं तोंड उन्हात हरवतं. दिसतात ते पाय, चपला, थैल्या, फार तर भाजी चाचपणारे हात. आई मान वर न करता गिऱ्हाईक ओळखायची.

दिवाळीच्या सुट्टीत रुचिकाला कॉमिक काढायचं वेड लागलं. पहिल्यांदा तिनं उडणारी पोरगी काढली. मग चोर पकडणारी काढली, मग समुद्राखाली राहणारी, स्वतः कधी समुद्र पाहिला नसताना. तिसऱ्या पानावर प्रत्येक गोष्ट बसकण मारायची. काहीही काढता येत होतं, आणि म्हणूनच काही सुचत नव्हतं. एका दुपारी वैतागून तिनं स्वतःलाच वेसण घातली. पोत्यावर बसून दिसतं तेवढंच काढायचं, त्याच्या वर इंचभरही जायचं नाही. कोणी बोललेलं लिहायचं नाही. पेन एकच, निळं, आधी पेन्सिलीनं आखायचं नाही. खोडरबर तर तिनं वैष्णवीकडे गहाण ठेवला, म्हणजे चुकलेली रेघ तशीच सांभाळून पुढे जायचं.

आणि मग चौकटी दोडक्याच्या वेलासारख्या वाढू लागल्या. सोळा पानं झाली. त्यात दोन जोड्या पाय होते. एक गड्याचे, म्हणजे पुरुषमाणसाचे, काळे जोडे, डावी टाच बाहेरून झिजलेली. दुसरी जोडी त्याच्या बाईची, हिरव्या चपलांतली. दर बाजारी दोघं सोबत येत, जोडे पुढे, चपला मागे. गडी वाकून मेथी निवडायचा, बाई पिवळी थैली धरायची. नवव्या पानापासून चपला एकट्याच येऊ लागल्या. मेथीसमोर उगाच उभ्या राहायच्या, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर टाकायच्या, एकच जुडी घ्यायच्या आणि जायच्या. संपलं. हे रुचिकानं मनानं रचलेलं नव्हतं. सहा बाजार तिनं जे पाहिलं तेच काढलं होतं.

वर्गात वहीवरून भांडणं झाली होती. वैष्णवी म्हणे गडी मेला. दुसरी म्हणे पुण्याला पोराकडे गेला. तिसरीच्या मते दोघांचं वाजलं होतं आणि बाई मनातल्या मनात शिव्या देत उभी होती. रुचिकाला विचारलं तर ती खांदे उडवून म्हणायची, मले काय माहीत, मी तं पोत्यावर बसली व्हती. आणि आतून तिला गुदगुल्या व्हायच्या.

सरांनी सोळाही पानं पाहिली. दोनदा पाहिली. मग म्हणाले, हात फार चांगला आहे, असा हात जिल्ह्यात नसेल. पण अमरावतीच्या विभागीय प्रदर्शनाचा यंदाचा विषय व्यसनमुक्ती आहे, फॉर्मवर संदेश नावाचा रकाना आहे, तो कोरा ठेवला तर वही वाशिमच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पुढे जाणार नाही. त्यांनी उपायही सांगितला. फार काही करायचं नाही. हा माणूस दारूच्या नादी लागला असं दाखवायचं, बाईचा रडवेला चेहरा घ्यायचा, शेवटच्या पानावर घोषवाक्य. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वही द्यायची. निवड झाली तर दोन दिवस अमरावती, आणि मुलीसोबत एक पालक.

ही शेवटची गोष्ट रुचिकानं घरी सांगायला नको होती. उज्ज्वलाचा भाऊ अमरावतीला राहायचा. भाजी रोजच्या रोज तोडावी लागते, त्यामुळे तीन वर्षं तिला माहेरच्या माणसाकडे दोन दिवस जाता आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिनं भावाला फोन केला, शेजारच्या दोन घरांत सांगितलं आणि पेटीतून जांभळी साडी काढून उन्हाला टाकली. बाबा, गजेंद्र, मोटर बंद करून आले आणि म्हणाले, तुमी दोघी मायलेकी जा, तेवढा बाजार मी पाहून घेतो. निवड अजून झालेली नाही असं रुचिका दोनदा म्हणाली, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही ऐकू येऊ नये असंच वाटत होतं. तिला जायचं होतं. मोठं सभागृह, भिंतीवर लावलेली आपली पानं, परक्या गावातले लोक त्यासमोर थांबलेले, हे सगळं तिनं आधीच पाहून टाकलं होतं.

तर तिनं सुटी कागदं घेतली आणि पुन्हा काढायला बसली. बसली म्हणायचं एवढंच. दोन चौकटी काढायची, उठायची, वांग्याच्या सरीतून चक्कर मारून यायची, पेनाचं टोपण चावायची, पुन्हा बसायची. वैष्णवीकडून खोडरबर सोडवून आणला, पेन्सिल आणि रंगपेटी काढली. बाईला चेहरा दिला तर ती रुचिकाच्या मावशीसारखी दिसू लागली. पुसून दुसरा दिला तर पोस्टरवरच्या बाईसारखी. गड्याला मिशा दिल्या, डोळे तांबडे केले, हातात बाटली दिली. जोडे मात्र तेच ठेवले, कारण जोडे छान जमले होते. शेवटी घोषवाक्य टाकलं. सगळं नीट होतं. सरांना आवडलं असतं. तरी तिला कागदांकडे पाहवेना आणि काहून पाहवत नाही तेही कळेना. आई विचारायची झालं का व, आणि ती म्हणायची झालंच.

बाजाराच्या दिवशी वही आणि कागदं दोन्ही तिनं सोबत नेली. सकाळची गर्दी ओसरली तशी शेजारी लसूण-मिरची घेऊन बसणाऱ्या धुरपताबाईनं कागदं ओढली. पोरीचा नंबर येनार म्हणे अमरावतीले, पाहू तं दे. धुरपताबाईला वाचता येत नव्हतं. घोषवाक्यावर तिनं अंगठा ठेवला आणि बाकीचं शांतपणे पाहिलं. मग एकदम थांबली.

"हे तं नानाजीचे जोडे होय. आमच्याच खेड्यातले." तिनं झिजलेल्या टाचेवर बोट ठेवलं. "याईच्या हातात बाटली कोनं देल्ली? या मानसानं जिंदगीत सुपारी नाई खाल्ली व."

रुचिकाच्या कानात गरम पाणी गेल्यासारखं झालं. तिनं विचारलं की मग ते येत का नाहीत. धुरपताबाई म्हणाली, मोतीबिंदू काढला ना वाशिमले, आधी एका डोळ्याचा, मंग दुसऱ्याचा, डोळ्याले पट्टी बांधून बसले आहेत घरी, बाईच्या जिवाले घोर. आणि हे सांगता सांगताच समोर हिरव्या चपला येऊन उभ्या राहिल्या.

रुचिकानं कागदं मांडीखाली सरकवली.

चपला नेहमीसारख्या घुटमळल्या. मग वरून बाईचा आवाज आला, माय, जरा कोवळी पाहून दे ना, मले मेथी निवडता येत नाई, तेच निवडत असत. उज्ज्वलानं जुड्या चाळल्या. धुरपताबाईला राहवलं नाही. तिनं सांगितलं, या पोट्टीनं तुमचे चित्र काढले, पाहा तरी. बाई खाली बसली. रुचिकानं वही पुढे केली, जुनी, बिनतोंडाची.

बाईनं पहिलंच पान पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. "अवं हेच ते! हजार वेळा सांगतलं, डाव्या पायावर कायले चालता." पुढची पानं ती बोट लावून लावून पाहत गेली. नवव्या पानावर बोट थांबलं. हसणं थांबलं. एकट्या चपलांच्या त्या चौकटींवरून तिनं हात फिरवला, तव्यावरच्या भाकरीवरून फिरवावा तसा अलगद, आणि म्हणाली, पट्टी निघाली की त्याईले घेऊन येतो, त्याईनं पाहाले पाहिजे.

"ते दुसरे कागदबी दाखव ना," धुरपताबाई म्हणाली. "बाटलीवाले."

"ते माहे नोहोत. वैष्णवीचे होय."

इतक्या पटकन निघालं तोंडातून. धुरपताबाईनं रुचिकाकडे पाहिलं, मांडीखालून बाहेर आलेल्या कागदाच्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि लसूण तोलायला वळली.

घरी परतल्यावर रुचिका एका जागी ठरेना. बादली भरायला गेली आणि नळ तसाच सोडून आली. तिनं एक शेवटची पळवाट काढून पाहिली, जोडे बदलून टाकू. पाठकोऱ्या कागदावर तिनं पांढऱ्या बुटांचा माणूस काढला, तर ते गावातल्या कंपाउंडरचे बूट निघाले. पंजाबी जुती काढली, ती किराणावाल्याची. रबरी चप्पल काढली, तर अर्ध्या शिरपूरची. मग कोणाच्याच नसतील असे जोडे मनानं रचले. ते कागदावर नुसते पडून राहिले, त्यांना चालताच येईना. ती तोंडावर हात दाबून हसली, मग तिला रडू आलं, मग दोन्ही थांबलं. वैष्णवीचं नाव आपण घेतलं हे मात्र आठवत राहिलं.

ओसरीवर बाबा उरलेली वांगी निवडत होते. आई जांभळ्या साडीची घडी मांडीवर ठेवून पदराचा सुटलेला धागा तोडत होती, आणि अमरावतीला मामाकडे सांभार न्यावा की तिकडे मिळतो, असं काहीतरी विचारत होती. रुचिका दोघांसमोर जाऊन उभी राहिली. पाय हलत नव्हता.

"आई, बाबा, मी उद्या सरले जुनीच वही देनार हाय. तोंडं नसलेली, शब्द नसलेली. ते म्हनतीन हे पुढं जात नाई, तं नाई जात. माह्यापायी तुहं मामाकडचं जानं राह्यलं आई, मले समजते. मलेबी जायाचं व्हतं. पन त्या मानसाच्या हातात बाटली देऊन मी अमरावतीले जानार नाई."