नाक्यावरच्या दांड्याचा संशय

मी एक जुना दांडा आहे. जंगलाच्या नाक्यावर आडवा टाकलेला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. मित्रांनो, हसू नका. मला विचारल्याशिवाय इथून हत्तीसुद्धा पुढे गेलेला नाही. एक आला होता; मला पाहून सोंड खाली घालून परत फिरला. खोटं वाटत असेल तर त्या हत्तीला विचारा.

मीही कधीकाळी याच जंगलात उभा होतो. वादळात पडलो, तेव्हा मला तासलं, रंगवलं आणि माझ्याच भावकीवर पहारा करायला बसवलं. बुडाला एक मोठा दगड बांधला. शेंड्याची दोरी सोडली की त्या दगडाच्या भारानं मी वर जातो. एरवी आडवं पडून येणाऱ्या-जाणाऱ्याचा संशय घेणं, हीच माझी नोकरी.

नाकेदाराचा आणि माझा पहिला संशय मावशीवर. ती जंगलातून वेत आणायची. टोपल्या विणून तिचं आणि तिच्या सुनांचं घर चालायचं. कोवळा वेत राखते, जून तेवढाच कापते, असं ती सांगायची. मी काही आत जाऊन पाहिलं नव्हतं. नाकेदार तिची मोळी सोडायला लावायचा आणि आत सळई खुपसायचा. ती मुकाट्यानं मोळी पुन्हा बांधायची. तिच्या गाठीला मात्र तोड नव्हती. माझ्या बुडाची दोरी कुजली, तेव्हा नाकेदारानं तिलाच बोलावून दगड वेतानं बांधून घेतला. पुढे एका वादळात चौकीचं छप्पर उडालं, ती गाठ हलली नाही.

रोपांच्या ट्रकला मात्र आम्ही सलाम ठोकायचो. त्याच्या दारावर हिरवंगार झाड रंगवलेलं होतं. येताना रोपं, जाताना रिकामे क्रेट. पण जाताना त्याची चाकं चिखलात जास्त रुतायची. रिकामेपणाला एवढं वजन कुठून आलं? मला खटकायचं. पण दांड्याला तोंड कुठे असतं?

आत मोठमोठी झाडं नाहीशी होऊ लागली. मावशीनं ताजी खोडं पाहिली आणि नाकेदाराला सांगितलं. तो म्हणाला, तुमच्याच कोयत्याची करामत असेल. शेवटी वरून हुकूम आला.

"मावशी, उद्यापासून मोळी बंद," नाकेदार म्हणाला. "कुणीच आत जायचं नाही."

मावशी माझ्या बुडाशी बसून सोडलेली मोळी आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं. आम्ही घरी बसतो. मग आत काय चाललंय ते तुला कोण सांगणार भाऊ, हा दांडा?"

मला ते लागलं.

तेवढ्यात रोपांचा ट्रक जंगलातून परत आला. नाकेदारानं दोरी सोडली, मी ऐटीत वर गेलो. ट्रक माझ्याखाली आला आणि बुडाचा दगड सुटून धप्पकन जमिनीवर! मी सगळ्या भारानिशी ट्रकवर कोसळलो. ताडपत्री टराटरा फाटली, क्रेट घरंगळले. खाली ताज्या कापलेल्या फळ्या, अजून ओल्या. वासावरून ओळखल्या मी. त्यातली एक तर माझ्या चुलत्याची असावी.

ड्रायव्हर म्हणाला, फळ्या कुणी ठेवल्या मला ठाऊक नाही. नाकेदार कधी फळ्यांकडे, कधी आपल्या सळईकडे बघत राहिला.

मोळी बंद झाली नाही. आता वेत आणणाऱ्या बायका आळीपाळीनं चौकीवर बसतात आणि प्रत्येक ताडपत्री उचलून बघतात, साहेबांच्या गाडीचीसुद्धा. बंदी झाली असती तर आत डोळे फक्त चोरांचेच उरले असते.

मित्रांनो, मला दरवर्षी रंग द्या, माझी खीळ गंजू देऊ नका. संशय जरूर घ्या, पण डोक्यावरच्या मोळीचा घेतलात तर चाकाखालच्या चिखलाचाही घ्या.

माझा एक संशय अजून फिटलेला नाही. गाठ कशी सुटली, असं नाकेदार अधूनमधून विचारतो. मावशी म्हणते, "जुनी झाली असेल रे."

ती गाठ जुनी होऊन सुटणाऱ्यातली नव्हती. आणि त्या वेळी माझ्या बुडाशी कोण बसलं होतं, ते मी पाहिलंय.

पण दांड्याला तोंड कुठे असतं?