केसभर मागे बसलेली मूठ

मी एक जुनी पोलादी पकड आहे. रायफलच्या बोल्टची, म्हणजे नळीमागे पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्याची, मूठ निखळली की ती पुन्हा डाखताना, म्हणजे वितळलेल्या धातूनं जोडताना, बोल्ट आणि मूठ जागच्या जागी धरून ठेवायची, एवढंच माझं काम. मित्रांनो, काम लहान वाटेल. पण मूठ वर उचलली की तिच्या बुडाचा उतार रायफलच्या अंगावरच्या उतारावर घासतो आणि बोल्ट किंचित मागे ओढला जातो. तेवढ्यानं गोळी सुटल्यावर नळीत चिकटलेली रिकामी पुंगळी सैल होते. मूठ केसभर मागे डाखली गेली, तर ते दोन उतार नीट भेटत नाहीत आणि पुंगळी आतच अडकून बसते.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या माझ्या उस्तादांनी मला तीन दिवस कानशीनं घासून घडवलं. "हा माझा तिसरा हात," असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुगून जाई. त्यांची मुलगी शेजारी उभी राहून काम शिकू लागली, तेव्हा माझ्या पोटात दुखू लागलं. उस्ताद तिचा हात धरून ज्योत कुठे फिरवायची ते दाखवत. तेवढा वेळ मी नुसती धरून बसलेली.

मग मुलीनं नवी पकड आणली. चकचकीत, कडेला माप दाखवणारी आकड्यांची तबकडी. उस्ताद म्हणाले, "छान आहे." आणि काम केलं माझ्यावरच! तो दिवस मी विसरले नाही.

उस्ताद गेले. मुलीनं दुकान उघडलं, त्यांचा चष्मा खणात ठेवला आणि त्याच खणात मलाही. वर टेबलावर ती तबकडीवाली मिरवायची. मी आत जळत होते.

एके दिवशी मास्तर आले. नेमबाजी शिकवणारे, उस्तादांचे जुने स्नेही. त्यांच्या रायफलची मूठ हातात आली होती.

"रविवारी स्पर्धा आहे, पोरी. जमेल ना? नाहीतर दुसरीकडे नेतो, रागावू नकोस."

"जमेल, काका. ही मूठ बाबांनीच बसवली होती. त्यांच्याच पकडीत बसवते."

तिनं मला बाहेर काढलं. नव्या पकडीकडे मी असं पाहिलं म्हणता! बोल्टच्या दोन्ही टोकांना ताव लागू नये म्हणून तिनं ओली फडकी गुंडाळली, ज्योत बेतानं फिरवली, चांदीचा डाख पाण्यासारखा पसरला. जोड देखणा झाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर मैदानावरून तणतणत परत आले. "तळहात सुजला माझा! मूठ आहे की फुगलेलं दार? प्रत्येक पुंगळीला धपाटा घालावा लागतोय."

 मुलीनं मापाचं पातळ पातं घेतलं आणि मूठ मागून ज्याला टेकते, त्या माझ्या टेकूपाशी सरकवलं. पातं आरपार गेलं. टेकू झिजला होता. मूठ तेवढीच मागे बसली होती. मग तिनं खण उपसला. चष्म्याच्या डबीत पत्र्याची एक करपलेली पट्टी होती, टेकूच्या आकाराची.

"म्हणजे बाबा ही लावत होते," ती म्हणाली. "मला कधी बोलले नाहीत."

मित्रांनो, ती पट्टी मला ठाऊक होती. शेवटची काही वर्षं उस्ताद ती मला घालत. मी तिला दागिना समजत होते.

"मग लाव की पट्टी," मास्तर म्हणाले.

"नको, काका. ही अर्धी जळलीय. किती जाड पट्टी हवी ते बाबा बोटांनी ओळखायचे, मला अजून ओळखता येत नाही."

तिनं डाख वितळवून मूठ सोडवली आणि नव्या पकडीत बसवली. संध्याकाळी मास्तरांचा निरोप आला: "पुंगळ्या उड्या मारतायत!" मुलगी हसली, आणि मग बराच वेळ उस्तादांचा चष्मा पुसत बसली. मला मात्र त्या तबकडीचा चकचकाट सहन होईना.

दुसऱ्या सकाळी तिनं माझ्या पाठीवर टोच्यानं माझी झीज आकड्यांत कोरली. दुखलं. उस्तादांनी हे कधी केलं नसतं. पण आता टेकूवर किती धातू चढवायचा ते तिला नेमकं कळतं.

म्हणून सांगते, जुन्या हत्याराला जपा. पण त्याची झीज मायेनं झाकू नका, मोजा. आम्हाला वाईट वाटेल, तरी मोजा. आणि नव्या पकडीलाही मोजा. तिच्यापासून सुरुवात केलीत, तरी माझी काही हरकत नाही.