कापलेल्या जागा

टॅमसिनचा जन्म आवाज मारण्यात चालला होता. टुवुम्बा गावाबाहेरच्या तिच्या शेडमध्ये गुरं वाहणाऱ्या ट्रकांच्या केबिन शांत होत. मायक्रोफोनने इंजिनाची गुरगुर टिपायची आणि सीटमागच्या स्पीकरमधून त्या गुरगुरीच्या नेमकी उलट लाट सोडायची. दोघी भिडल्या की दोघीही गारद. त्यासाठी आधी निव्वळ इंजिनाचं रेकॉर्डिंग लागे. ट्रक चालवायला होते तिचे वडील, मर्विन, आणि तोंड मिटून बसणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

"बाबा, गप्प राहायचं ठरलं होतं ना?"

"मग मी कुठे कुणाशी बोललो? ट्रकशी बोललो!"

टॅमसिन करवादायची. मग त्यांची बडबड कापून तुकडे जोडायची आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायची. कचरा कोण सांभाळणार?

परसात बार्बेक्यूची जाळी घासता घासता मर्विन कोसळले आणि गेले. अंत्यविधी उरकल्यावर तिची आई डोरीन म्हणाली, "मेल्याला फोनचा भारी तिटकारा. घरात त्याचा आवाज कुठेच नाही गं. तुझ्याकडे एवढा साठा आहे, त्यातला जरासा दे मला."

टॅमसिनने सगळं धुंडाळलं. एक शब्द सापडला नाही. आपल्या चोख कामाचा तिला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला. तिने आईला खरं काय ते सांगून टाकलं.

डोरीनने चहाचा मग खाली ठेवला. "मग इंजिनच लाव."

स्वयंपाकघरात ट्रक घाट चढू लागला.

"बघ, गियर उशिरा टाकला! जन्मभर कानीकपाळी ओरडले, पण ऐकेल तर शपथ." ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. मध्येच टक् असं वाजलं. "हे काय गं?"

"जोड आहे. तिथे बाबा बोलत होते."

डोरीन खुर्ची ओढून स्पीकरला खेटून बसली. पुढचा जोड चढाच्या ऐन टोकाला आला. "इथे शिव्या घातल्या असणार." त्यानंतरचा, ट्रक थांबून पुन्हा निघाल्यावर. "इथे खिमा भरलेली पेस्ट्री घेतली असेल, आणि ट्रकला म्हणाला असेल, डोरीनला सांगू नकोस." तिच्या गालांवर चक्क रंग चढला होता.

मग सपाट, सरळ रस्ता लागला. इंजिन एका सुरात चाललेलं. पुन्हा टक्.

डोरीनने खूप विचार केला, पण तिला काही सुचेना. "इथे काय म्हणाला गं?"

टॅमसिनला तो दिवस आठवत होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांच्या आवाजाच्या रेघा उंच उठल्या होत्या. तिने त्या निवडल्या आणि उडवल्या.

"माहीत नाही, आई. मी ऐकलंच नव्हतं. नुसत्या रेघा बघून कापायचे."

"थोडंसंच होतं ना?"

टॅमसिनच्या तोंडापर्यंत खोटं आलं होतं, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून तिला ते बोलवेना.

"नाही गं," ती म्हणाली. "बराच वेळ बोलत होते."