अक्काच्या दारातलं कोलम

"तंबी, पस्तिशी आली तुझी. जन्मभर एकट्यानंच कोलम काढत बसणार आहेस काय?"

कुंभकोणमहून विशालाक्षी अक्का आपल्या तंबीला, म्हणजे मानलेल्या धाकट्या भावाला, फोनवर असं विचारायची आणि कोइम्बतूरला कदिरवन हसून विषय बदलायचा. हा प्रश्न कोणत्या घरात विचारला जात नाही? बिनलग्नाचा माणूस दिसला की आपल्या सगळ्यांच्या जिभेला खाज सुटते. तो का थांबलाय, हे समजून घ्यायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

कदिरवन पंपांच्या कारखान्यात नकाशे काढायचा आणि सकाळी आपल्या दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी. ठिपके मांडायचे आणि त्यांच्याभोवती पिठाची रेघ फिरवायची, हे बायकांचं काम. पुरुष ते करतोय म्हणून शेजारी तोंड लपवून हसायचे. पण आईनं शिकवलेलं त्याच्या बोटांतून जात नव्हतं. कोलम काढणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात सगळ्या बायका आणि हा एकटा. तिथंच अक्काशी ओळख झाली. एका कोपऱ्यावर रेघ कशी वळवायची एवढंच तिनं विचारलं होतं, पण त्यावरून सुरू झालेलं बोलणं पुढं थांबलंच नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या धनुर्मासात, तो पहाटे नवं कोलम पाठवायचा आणि उजाडेपर्यंत ते अक्काच्या उंबऱ्यापुढं उमटलेलं असायचं. तिनं लाटलेले अप्पळम, तिकडचे पापड, कुरिअरनं त्याच्याकडे यायचे. एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, पण आई गेलेली, वडील त्याच्याशी बोलेनासे झालेले, अशा त्या माणसाचं अक्का हेच माहेर होतं.

अक्काच्या मुलीचं, अभिरामीचं लग्न ठरलं. दारातलं कोलम तंबीमामानंच रचायचं, असा पोरीनं हट्ट धरला. त्यानं असं रचलं की एकच रेघ सगळ्या ठिपक्यांना वळसे घालत निघेल आणि कुठंही न तुटता पहिल्या ठिपक्याला परत येऊन मिळेल. अक्का खूश झाली.

"काढायलाही तूच ये. चार दिवस राहा. माझ्या मावसबहिणीची मुलगी येणार आहे, तिलाही बघून घे."

आता गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं, आणि त्यात एका मुलीची फसवणूक.

"मुलगी नको अक्का. माझ्या घरी अरुळ आहे ना."

"तो तुझ्या खोलीवरचा मित्र?"

"नुसता मित्र नाही. आम्ही जोडीदार आहोत. मला पहिल्यापासून पुरुषच आवडतात. तुला सांगायला भीत होतो. लग्नाला आम्ही दोघं आलो तर चालेल?"

पलीकडे चाललेला मिक्सर थांबला. मग फोनही बंद झाला.

संध्याकाळी अक्काचा व्हॉइस मेसेज आला. "तू येऊ नकोस. घरात शुभकार्य आहे. असल्या माणसाची रेघ मी माझ्या दारात काढत होते, आज उंबरा घासून धुतला. पुन्हा मला अक्का म्हणू नकोस."

कदिरवन ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. शेवटी अरुळनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून त्याचं नाव गेलं होतं. कालपर्यंत त्याच्या बोटांचं कौतुक करणाऱ्या बायकांपैकी एकीनंही त्याला का म्हणून विचारलं नाही. त्या दिवसापासून कदिरवनच्या दारात कोलम पडलं नाही. अरुळ सकाळी पिठाचा डबा समोर आणून ठेवायचा आणि तो तसाच उचलून आत न्यायचा.

इकडे कुंभकोणमला माणूस नकोसा झाला होता, पण त्याचं कोलम हवंच होतं. आपलं सगळ्यांचं हे असंच असतं! लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का आणि शेजारणी तांदळाचं ओलं पीठ घेऊन बसल्या. रेघ निघाली, वळली आणि भलतीकडेच बाहेर पडली. पुसून पुन्हा काढली, पुन्हा तेच. अभिरामी रडवेली झाली. तुटकी रेघ, तीही लग्नघराच्या दारात, म्हणून शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या.

अक्काच्या सासूबाई धर्मांबाळ आतल्या दारात बसून हे पाहत होत्या. नवरा गेल्यापासून शुभकार्यात त्यांची जागा तीच.

"विशालाक्षी, त्या मुलाला फोन लाव."

"अत्तै, तो तसला आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"न कळायला काय झालं? त्याचा जीव पुरुषावर जडला. त्यात कुणाचं काय गेलं? तुझ्याशी खोटं बोलून बहिणीच्या पोरीशी लग्न लावलं असतं, तर तो तुला शुभ वाटला असता."

"पण दारात, अत्तै? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं तू मला सांगतेस?" म्हातारीचा आवाज चढला नाही. "या गल्लीत माझ्या हातासारखं कोलम कुणाचं नव्हतं. तुझे सासरे गेले आणि तू माझ्या हातातली पिठाची वाटी काढून घेतलीस. मायेनंच म्हणालीस, अत्तै, आता तुम्ही नका. मी काय केलं होतं गं? माझं तर माणूस गेलं होतं. त्या पोराला माणूस मिळालं, तेही तुला अशुभच?"

अक्काच्या बोटांवरचं पीठ वाळत चाललं होतं. किती माणसांना आपण दारातून उठवलं, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. मग तिनं त्याच हातानं व्हिडिओ कॉल लावला.

"उचलू नकोस," अरुळ म्हणाला. कदिरवननं उचलला. पडद्यावर तो उंबरा दिसला. आज त्या उंबऱ्यापुढं खरं तर तो बसलेला असायला हवा होता.

"तंबी, रेघ मिळत नाहीये रे."

त्यानं नीट पाहिलं. "डाव्या कोपऱ्यातल्या ठिपक्याला बाहेरून वळसा घातलायस. आतून घे."

अक्का वाकली आणि थांबली. उठून आत गेली, वाटी सासूच्या हातात दिली. "अत्तै, तुम्ही या." एक शेजारीण ताडकन उठून निघून गेली. म्हातारी भिंत धरत बाहेर आली. बोटं आखडलेली होती, पण विसरलेली नव्हती. रेघ आतून वळली, एकेका ठिपक्याला भेटत आली आणि पहिल्या ठिपक्याला मिळाली.

"मी चुकले, तंबी. उद्या ये. दोघंही या."

कदिरवन पडद्यावरच्या रेघेकडे बघत म्हणाला, "अभिरामीला आशीर्वाद सांग. यायला नाही जमायचं. तू उंबरा धुतलास ना अक्का, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही."

लग्नाच्या पंगतीत अक्कानं केळीची दोन पानं जास्तीची मांडली, स्वतः वाढली आणि समोर बसून राहिली. पंगती बसल्या, उठल्या. त्या दोन पानांवरचा भात वाळून गेला.

पुढं तिनं ग्रुपवर सगळं कबूल केलं, कदिरवनला परत यायला विनवलं. तो आला नाही. ती अजून रोज सकाळी दारातल्या कोलमचा फोटो त्याला पाठवते. तो बघतो, उत्तर देत नाही.

आपणही दारात रांगोळी काढतो ती येणाऱ्याच्या स्वागतासाठी. कुणी यावं आणि कुणी नाही हे ठरवायला बसलो तर ते स्वागत कसलं? उद्या आपल्याच घरातलं, ओळखीतलं कुणी भीत भीत आपलं खरं सांगेल, तेव्हा फोन ठेवण्याआधी त्या दोन पानांची आठवण करा. चूक कळली की माफी मागता येते. पण दारातून उठवलेला माणूस माफ करूनही परत येईलच, असं नाही.