किटलीचा चढ

या दुरुस्तीतून मेस्त्रीला मिळणार होतं ते एकच वाक्य: "मी म्हणत होतोच." वीस वर्षं ते जिभेवर तयार होतं. मास्तरांच्या जुन्या गाडीला चढावर दम लागायचा, पाणी उकळायचं, बॉनेटमधून वाफ निघायची. आणि मास्तर, टायपिंग शिकवणारा माणूस, मेस्त्रीला इंजिनाला बोट लावू द्यायचे नाहीत. "टायर बघ, ब्रेक बघ. इंजिन माझं." आता मास्तर गेले होते. दोस्ताशी वाद जिंकायचा तोही त्याच्या माघारी, यात शौर्य फारसं नव्हतं. पण मेस्त्रीला तेवढंही चालणार होतं.

मास्तरांच्या बायकोला, वहिनींना, मात्र टेकडी चढायची होती. वर त्यांची ताई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी महिना दिला होता, तोही भीत भीत. गाडीला 'किटली' हे नाव ताईनंच ठेवलेलं. तिचा निरोप होता, "बसनं येऊ नकोस. किटलीतून ये, मी खिडकीतून बघते. न उकळता आलीस तर मानलं."

"वहिनी, ही तापते कधीपासून?"

"ह्यांच्या छातीचं दुखणं निघालं ना, त्याच वर्षापासून. नवरा आणि गाडी, दोघांना एकदमच दम लागायला लागला. सेल्फ तर कधीचाच मेलाय, चावीनं सुरूच होत नाही. ह्यांच्या दुखण्यापासून पुढचं हँडल मी मारते, भाऊजी. ह्यांनी आत बसून हुकूम सोडायचे. पण माझ्या हाताला लगेच सुरू होते हं! तुमच्यासारख्या पैलवानांनी मारून बघावं."

"बघू की," मेस्त्री म्हणाला, आणि बघितलं नाही. त्याचं वर्कशॉप उतारावर. तिथली प्रत्येक गाडी ढकलूनच सुरू व्हायची.

रेडिएटर स्वच्छ निघाला. पंप ठीक, फॅनचा पट्टा ताठ. थर्मोस्टॅट त्यानं गरम पाण्याच्या पातेल्यात टाकला; तो वेळेवर उघडला. कार्बोरेटर लखलखीत. मास्तरांनी गाडी इतकी जपलेली की मेस्त्रीला राग यायला लागला. मग डिस्ट्रिब्युटरवर, ठिणगीची वेळ ठरते तिथं, दोन खुणा दिसल्या. एक कारखान्याची. दुसरी नखभर मागे, लाल रंगाची, मास्तरांच्या हातची; आणि डिस्ट्रिब्युटर त्या लाल खुणेवर आवळलेला.

"सापडलं! ठिणगी उशिरा पडतेय, वहिनी. गाडी पळवायची ती ताकद नुसती पाणी तापवतेय. दम लागणं आणि उकळणं, दोन्ही दुखणी एकाच खुणेची. टायपिंगवाल्यानं इंजिनात हात घातला की असंच व्हायचं. मी म्हणत होतोच!"

वहिनी हसल्या. मेस्त्रीनं डिस्ट्रिब्युटर कारखान्याच्या खुणेवर आणला, आणि पेट्रोलच्या फडक्यानं लाल खूण पुसूनही टाकली.

रविवारी सकाळी आपल्या अंगणात वहिनी इस्त्रीचे कपडे घालून हँडलसकट गाडीपुढे उभ्या.

"सरका, मी मारतो."

"तुम्ही आत बसा. हुकूम सोडा."

मेस्त्री मास्तरांच्या जागेवर बसला. इंजिनानं एकदाच धक्का दिला, हँडल उलटं आलं. मनगटाचा आवाज आतपर्यंत ऐकू गेला.

"याआधी कधी उलटं आलं होतं?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"वीस वर्षांत एकदाही नाही," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या हाताखाली गाडी गरीब होती हो."

तेव्हा मेस्त्रीला पुसलेली लाल खूण आठवली. ठिणगी उशिरा पडली की हँडल उलटं मारत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मास्तरांनाही ठाऊक होतं.

मनगटात सळई घालावी लागली. वहिनी दवाखान्यात असतानाच, नवव्या दिवशी, ताई गेली. प्लास्टरसकट त्यांना घेऊन मेस्त्री निघाला. किटली एका दमात टेकडी चढली. तापमानाचा काटा हलला नाही, वाफेचा मागमूस नाही. वरची खिडकी बंद होती.

गाडीतच मेस्त्रीनं सगळं सांगितलं. लाल खूण काय होती, कुणासाठी होती. मास्तरांनी वीस वर्षं थट्टा का खाल्ली.

वहिनींनी प्लास्टरकडे बघितलं. "म्हणजे लगेच सुरू व्हायची, त्यात माझ्या हाताचं तसं काही नव्हतंच म्हणा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी गाडीचा जोर सोडून दिला होता आणि स्वतःचं हसं करून घेतलं होतं. ताईच्या वाट्याला वाट बघणं आलं. वहिनींचं मनगट गेलं, बहिणीची भेट गेली. मेस्त्रीला त्याचं वाक्य मिळालं, आणि आता खरं बोलून मनही हलकं झालं. तेही वहिनींच्याच खर्चानं.