निळ्या सशाचा श्वास

घरात तिला भोंगा म्हणत, आणि म्हणायला कारण होतं. ती कुजबुजली तरी शेजारची मांजर दचकून उठायची. पण यंदा शाळेच्या क्रीडादिनी ऐनवेळी माईक बंद पडला, तेव्हा भोंग्याने मैदानाच्या कडेला खुर्चीवर उभं राहून सगळ्या शर्यतींचं धावतं वर्णन नुसत्या गळ्यावर करून टाकलं. अगदी मागच्या रांगेतल्या एका आजोबांनाही शब्दन् शब्द ऐकू आला, आणि ते म्हणे कानाचं यंत्र घरी विसरून आले होते. त्या दिवसापासून या नावाने कुणी हाक मारली की भोंगा मान खाली घालायच्या ऐवजी ताठ करायची. पंधरा वर्षं लपवलेली गोष्ट एका दुपारीत मिरवायची झाली.

फक्त अशी मुलगी जन्माला आली ती नेमकी अशा घरात, जिथे शांततेवर पोट चालायचं.

आई डबिंग करायची. कार्टूनमधली लहान मुलं, खारी, बदकाची पिल्लं आणि एक महाहट्टी साळिंदर, सगळी तिच्याच गळ्यात राहायची. घरातल्या सगळ्यात लहान खोलीच्या भिंतींना तिने जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, खिडकीवर दोन जाड रजया टांगल्या होत्या. दाराच्या कडीला लाल फडकं लटकलं म्हणजे आत रेकॉर्डिंग चालू. मग मिक्सर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, दारावर टकटक तर मुळीच नाही. शिंक आली तर जिन्यात जाऊन शिंकायचं. बाबा दवाखान्यात नर्स होते. ते म्हणायचे, "आमच्या अतिदक्षता विभागात याहून जास्त दंगा असतो."

उरली धाकटी बहीण, मुंगी. वय आठ. चणीने एवढीशी, पण सारखी कुठून तरी काहीतरी ओढून आणणारी आणि साखरेच्या डब्यापाशी हमखास सापडणारी. लाल फडकं लागलं की मुंगीच्या हातात टॅबलेट यायचा. कानाला हेडफोन लावून ती कोपऱ्यात बसायची आणि बेटांचा खेळ खेळायची. त्यात आपलं बेट सजवायचं, पूल बांधायचे, दुसऱ्यांच्या बेटांवर पाहुणं जायचं. जगभरची मुलं खेळायची तो. आई निर्धास्त, भोंग्याला अभ्यासाला मोकळीक, मुंगी खूश. "काय गुणाचं लेकरू आहे," येणारा-जाणारा म्हणायचा. हे गुणाचं लेकरू हेडफोनमध्ये कुणाशी हळू आवाजात बोलतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी दाराला फडकं होतं. आत साळिंदराचा रडण्याचा प्रसंग चालू होता. भोंगा टेबलावर भूमितीशी झोंबत होती आणि मुंगी टेबलाखाली, तिच्या लाडक्या जागी, पालथी पडून खेळत होती. कूस बदलताना तिच्या कोपरात वायर अडकली, हेडफोनची पिन टॅबलेटातून निसटली आणि खोलीत एका मुलाचा आवाज पसरला.

"ए मुंगी, मी केव्हाचा एकटाच पूल बांधतोय गं!"

किती गोड, भोंग्याला वाटलं. सात-आठ वर्षांचा असेल. बोबडं नाही, पण 'पूल' म्हणताना लाडात आलेलं.

"मी तुला दिलेले पंख घाल की. आणि तुझी आई गेली ना खोलीत? मग आता लाव व्हिडिओ. म्हटली होतीस ना, आज तुझी खोली दाखवते म्हणून? कुणाला सांगायचं नाही हं, आपलं गुपित!"

भोंग्याची पेन्सिल थांबली. आधी शब्दांनी नाही, श्वासाने.

हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नसतं. पण आई जेवता जेवता, केस विंचरता विंचरता पोरांचे आवाज काढायची, आणि काढता काढता शिकवायची. "मूल श्वास कुठे घेतं माहितीये? कुठेही! शब्दाच्या मध्यात घेतं, घ्यायचा विसरतं, मग धापा टाकत उरलेलं वाक्य उरकतं. मोठा माणूस लहान मुलाचा आवाज काढतो ना, तेव्हा आवाज बारीक करतो, पण श्वास घेतो वाक्य संपल्यावर, शहाण्यासारखा. तिथेच पकडला जातो." भोंग्याने हे हजारदा ऐकलं होतं. आणि आता टॅबलेटमधला हा गोड मुलगा प्रत्येक वाक्य संपल्यावर, अगदी शहाण्यासारखा, श्वास घेत होता.

तिने पेन्सिल टाकली. डोक्यात जाळ झाला.

"मुंगेऽऽ!"

मुंगीचं डोकं वर टेबलाला धाडकन आपटलं.

"कोण आहे हा? कुणाला दाखवत होतीस खोली? अक्कल गहाण टाकलीस का? दे इकडे तो टॅब! दे म्हणते ना!"

दोन्हीकडून खेचाखेची झाली. टॅबलेट भोंग्याच्या हाती आला, आणि मुंगी गुडघ्यांत तोंड खुपसून टेबलाच्या पायाला चिकटली. भोंगा वाकून विचारत राहिली. नाव काय त्याचं? कधीपासून बोलतेस? काय काय सांगितलंस? प्रत्येक प्रश्नाला तिचा आवाज एक पायरी चढत होता आणि मुंगी एक बोट आत सरकत होती. मैदानभर पोचणारा गळा टेबलाखाली मात्र पोचेना. मुंगीच्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच.

लाल फडकं हललं. आई दारात उभी राहिली, हेडफोन गळ्यात.

"साळिंदर रडतंय आणि मागून कुणीतरी त्याला 'अक्कल गहाण टाकलीस का' विचारतंय. दोन गाद्या आणि दोन रजया पार करून आलंय ते. काय झालंय?"

भोंगा तोंड उघडणार एवढ्यात टॅबलेटच बोलला. "मुंगी? कोण ओरडलं गं? तू एकटी नाहीयेस का?"

आईने एवढी तीनच वाक्यं ऐकली. सोनाराने कसोटीवर दागिना घासावा तसा तिचा चेहरा एकाग्र झाला, आणि मग पार उतरला. तिने हात पुढे करून आवाज बंद केला.

"पस्तिशीच्या पुढचा आहे," ती म्हणाली. "पुरुष. नाकात बोलून आवाज लहान करतोय."

"व्हिडिओवर खोली दाखव म्हणत होता! तू आत गेल्यावर!" भोंगा म्हणाली. आणि लगेच तिच्या डोक्यात वीज चमकली. "आई! तू काढ ना मुंगीचा आवाज! तुला हुबेहूब येतो. बोलत ठेव त्याला, पत्ता काढून घे, मग धरू बकोटीला!"

क्षणभर आईच्या डोळ्यांतही ती वीज चमकून गेली, शप्पथ, भोंग्याने पाहिली. पण आईने मान हलवली.

"अजिबात नाही. त्याला धरणं पोलिसांचं काम. माझं काम टेबलाखाली आहे."

आणि आई खरंच टेबलाखाली शिरली. पाय दुमडून, मान वाकडी करून, मुंगीच्या शेजारी. काही विचारलं नाही, नुसतं टेंगूळ चोळत राहिली. भोंग्याला बाहेरून दोघींचे फक्त पाय दिसत होते. तिचा गळा बोलायला शिवशिवत होता. तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली.

बऱ्याच वेळाने टेबलाखालून आवाज आला. "टॅब कायमचा काढून घेणार?"

"नाही."

"ताई म्हणाली मला अक्कल नाही."

"ताईला भीती वाटली. तिची भीती पण भोंग्यातूनच बाहेर पडते, त्याला काय करणार?"

नाक ओढल्याचा आवाज आला. "तो निळा ससा आहे. म्हणजे खेळात. तो म्हणाला मी आठ वर्षांचा. पण मला माहीत होतं तो मोठा आहे."

बाहेर खुर्ची करकरली.

"कसं गं माहीत होतं?" आईने विचारलं.

"श्वासावरून," मुंगी म्हणाली, जणू काय विचारायची गोष्ट आहे का ही! "तो सगळं वाक्य झाल्यावर घेतो. मला वाटलं तुझ्यासारखा डबिंगवाला असेल. सराव करत असेल. तू पण तर साळिंदर नाहीयेस."

 भोंगा हसावं की रडावं या पेचात तशीच उभी राहिली. दुसऱ्या कुठल्याही घरातली मुलगी खोट्या आवाजाला फसली असती. या घरातल्या मुलीने खोटा आवाज अचूक ओळखला होता, आणि ओळखला म्हणूनच त्याला घरचा मानला होता.

"चूक तुझी नाही हं, मुंगे," आई म्हणाली. "या घरात आवाज बदलणं म्हणजे स्वयंपाकासारखं रोजचं काम. पण ऐक. मी साळिंदर होते तेव्हा कार्टूनच्या शेवटी माझं नाव येतं की नाही? कुणीही वाचू शकतं, की हा आवाज या बाईचा. साळिंदराने कधी कुठल्या मुलाला सांगितलंय का, की आईला सांगू नकोस?"

"नाही."

"कधी विचारलंय, तुझी आई खोलीत कधी जाते?"

 मुंगीचा आवाज एकदम लहान झाला. "तो रोज विचारायचा."

"आवाज कुणीही बदलावा, गंमत असते. पण जो मोठा माणूस लहान मुलाला गुपित सांभाळायला लावतो, तो खेळत नसतो. तो कितीही गोड बोलो, कितीही पंख देवो."

पंख म्हटल्याबरोबर मुंगीला रडू फुटलं. तिने सशाला बेटावर घर बांधून दिलं होतं, वर गाजराच्या आकाराचं धुराडं. तिच्या लेखी एक मित्र मेला होता, आणि त्याच्याबद्दल रडायचीही चोरी. आईने तिला रडू दिलं. भोंगा पाण्याचा पेला घेऊन खाली वाकली. मुंगीने पेला घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

मग कामं झाली. आईने सशाच्या सगळ्या निरोपांचे फोटो काढून ठेवले, एकही न पुसता. खेळातच तक्रारीचं बटण होतं, ते दाबून सगळं कळवलं. बाबांना फोन झाला. ते म्हणाले, ड्यूटी संपली की मी परस्पर पोलिसांच्या सायबर शाखेत जातो, फोटो पाठव. ब्लॉकचं बटण मात्र आईने मुंगीसमोर धरलं. मुंगीने बोट पुढे नेलं, मागे घेतलं.

"त्याला वाईट वाटेल?"

"वाटू दे," आई म्हणाली.

मुंगीने दाबलं. निळा ससा गेला. मग ती म्हणाली, भूक लागली.

पोळी-बिळी काही न करता सगळ्यांनी ब्रेड खाल्ला, आणि खाता खाताच घराचे कायदे बदलले. खेळायचं, पण हेडफोनशिवाय आणि मोठ्या खोलीत. खेळातल्या तिच्या नावापुढे वयाचा आठ हा आकडा लावलेला होता, तो काढून टाकायचा. अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय बंद. मैत्री शाळेतल्या ओळखीच्या मुलांशीच. आईने रेकॉर्डिंग सकाळी, मुली शाळेत असताना करायचं. सुट्टीच्या दिवशी दाराला फडकं असलं तरी मुंगीने हवं तेव्हा ठोठावायचं, साळिंदराचं रडणं गेलं खड्ड्यात. आणि मुंगीसोबत रोज भोंग्याने खेळायचं.

"मी?" भोंगा म्हणाली. "मला त्यातलं ओ की ठो येत नाही!"

"मग शिकेल," मुंगी आईकडे बघत म्हणाली, जशी काही भोंगा तिथे नव्हतीच.

हे खरं दुखणं होतं. चार-पाच दिवस मुंगी तिच्याशी फक्त कामापुरतं बोलली. "डावीकडे." "उडी." "ते लाव्हा आहे, त्यात नसतं जायचं." भोंगा लाव्हात जायची, पुलावरून पडायची, एकदा तर स्वतःच्याच बेटावर हरवली. अख्ख्या शाळेला ऐकू जाणारी मुलगी आठ वर्षांच्या पोरीची बोलणी मुकाट ऐकत होती. तिला कळत होतं, काय पणाला लागलंय ते. एक ससा गेला, उद्या कोल्हा येईल, परवा कुणीतरी फुलपाखरू होऊन येईल. तेव्हा मुंगी सांगेल का कुणाला? की पुन्हा टेबलाखालचं ओरडणं आठवून गिळून टाकेल?

शनिवारी दुपारी दोघी मोठ्या खोलीत जमिनीवर लोळून नवा पूल बांधत होत्या. आई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. भोंग्याने एक फळी चुकून उलटी लावली आणि फळीसकट स्वतःच पाण्यात कोसळली.

"अगं ताई!" मुंगी खो खो हसली. "तू ना, एकदम बैल आहेस."

"हम्माऽऽ," भोंगा म्हणाली. शेजारची मांजर उठली असणार.

मुंगी हसता हसता थांबली. डोळे पडद्यावरच, बोटं फळ्या लावतच होती.

"ताई. मी ना त्याला शाळेचं नाव सांगितलंय. आणि सुटायची वेळ पण."

भोंग्याच्या गळ्यात काहीतरी प्रचंड उठलं, छातीपासून वर, मैदानाच्या पार पोचेल एवढं. तिने ते गिळलं. घशाला टोचलं, तरी गिळलं. मग लाडात नाही, बारीक करून नाही, आपल्याच आवाजात, पण हळू, ती म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. चल, आईला सांगू."

"आत्ता? पूल अर्धाच झालाय."

"आत्ताच. परत येऊन बांधू."

मुंगीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, बहुतेक श्वास कुठे घेतेय ते. मग टॅबलेट खाली ठेवला.

"तू पण चल," ती म्हणाली. "आणि सुरुवात तू कर. पण ओरडू नकोस."

"नाही ओरडणार."

दोघी उठून आईकडे गेल्या. आईने हातातली घडी बाजूला ठेवली, शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि सोमवारची वाट न बघता मुख्याध्यापक बाईंना घरी फोन लावला. बोलणं होईपर्यंत मुंगी आईच्या मांडीवर बसून होती, आणि तिचा एक पाय, सहज पडल्यासारखा, भोंग्याच्या मांडीवर होता.