नदीत गेला की बाद

त्या भिंतीचं नाव काढलं तरी व्हर्ना डुबिकचं अंग दुखायला लागायचं. दर मार्चमध्ये फायर स्टेशनच्या तळघरात बैठक भरायची. त्याच घडीच्या लोखंडी खुर्च्या, तीच पाणचट कॉफी, तेच साखरेत घोळवलेले डोनट, आणि उठताना तेच वाक्य: पुढच्या वर्षी बघू, व्हर्ना. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता तिचेही केस पिकले.

भिंत म्हणजे बॉलपार्कच्या, गावातल्या बेसबॉलच्या मैदानाच्या, दरवाजाशेजारची. गावाच्या संघातून खेळलेल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या पितळी पाट्या तिच्यावर लावलेल्या, आणि आता एकच जागा शिल्लक. कागदाची मिल बंद पडल्यापासून नवी भिंत बांधायची भाषासुद्धा गावात कुणी करत नव्हतं. म्हणजे ही शेवटची. तिचा बाप एमिल एक्क्याण्णव वर्षांचा, काळीज थकलेलं, पाय सुजलेले. पुढच्या मार्चचं डॉक्टरही बोलायचे थांबले होते. बापानं आपली पाटी जिवंतपणी बघावी, एवढंच तिचं मागणं. पण गाव म्हटलं की एवढ्याशा मागण्यालाही नाकी नऊ येतात.

समोर नाव होतं डेल ओस्ट्रँडरचं. डेलनं नव्वदच्या दशकात ॲल्युमिनियमच्या बॅटनं शंभरावर होम रन ठोकले होते, बहुतेक सगळे उजव्या कुंपणावरून थेट नदीत. पोरं होड्या घेऊन पाण्यात वाट बघत असायची. एमिलच्या नावावर अख्ख्या कारकिर्दीत चार, तेही बाहेरगावच्या मैदानांवर, चेंडू कुंपणाच्या आतच असताना जीव खाऊन पळून पुरे केलेले. बाकी सगळे जमिनीलगतचे फटके. बरं, डेलवर रागवायचीही सोय नव्हती. माणूस भला. जानेवारीत घरातला पाइप गोठून फुटला तेव्हा तोच येऊन बसवून गेला, आणि जाताना अर्धा तास एमिलशेजारी बसला.

बैठकीला तिघंच. व्हर्ना, म्हातारा व्हर्जिल पाश्को, ज्यानं निम्म्या गावाचे केस कापले होते, आणि त्याची नात केंड्रा. केंड्रा हायस्कुलात गणित शिकवायची. आकडेमोड तिच्याकडे.

"नुसते आकडे शेजारी ठेवले तर तो अन्याय आहे, हे मलाही मान्य आहे," केंड्रा म्हणाली. "एमिलच्या वेळी बॅट लाकडाची, एकच चेंडू भुसभुशीत होईपर्यंत चालवायचे. म्हणून मी प्रत्येकाला त्याच्याच काळातल्या लोकांशी तोललं. साधारण फलंदाज म्हणजे शंभर. तसं बघितलं तर डेल होतो एकशे एकतीस. एमिल एकशे सव्वीस."

"थोडक्यात हुकला," व्हर्जिल व्हर्नाला म्हणाला. "पोरी, तुझा बाप वाईट नव्हता गं. पण टुकूटुकू खेळणारा. लोकांना लांब मारणारा आठवतो."

"आणि नदीचं काय?" व्हर्ना म्हणाली.

व्हर्जिलनं डोनट खाली ठेवला. नदीचं त्याला चांगलं ठाऊक होतं, लहानपणी तोच काठावर उभा असायचा. त्या काळी मिल संघाला मोसमाला मोजकेच चेंडू द्यायची, आणि उजव्या कुंपणाला लागून नदी. तेव्हा आपल्या मैदानाचा नियमच होता, नदीत गेला की बाद. होम रन बिन काही नाही, सरळ बाद. वर धावांच्या वहीत लिहिताना उजवीकडच्या क्षेत्ररक्षकानं झेल घेतला असं लिहायचं, कारण बाद कुणाच्या तरी नावावर टाकावा लागतो. लीगच्या बाकी मैदानांमागे मक्याची शेतं होती, तिथं चेंडू हुडकून आणता यायचा. आणि एमिल डावखुरा. डावखुऱ्याचा जोराचा फटका उजवीकडे नाही जाणार तर कुठं जाणार?

"ज्या फटक्याला डेलच्या नावानं होड्या निघायच्या, त्याच फटक्याला माझा बाप बाद," व्हर्ना म्हणाली. "हे बसतं का तुझ्या शंभरात?"

केंड्रा प्रामाणिक मुलगी. तिनं पेन्सिल गालावर टेकवली. "नाही बसत," ती म्हणाली. "खरा झेल कुठला आणि नदीचा कुठला, हे मला कळायला मार्ग नाही. पण एमिल आहे ना अजून. त्यालाच विचार, किती गेले नदीत. तो म्हणेल तो आकडा मी धरते. दहा-बारा निघाले तरी तो डेलच्या पुढे जातो. आजोबा, चालेल?"

"न चालायला काय झालं? नदीचं डेलशी आधीच बोललोय मी. म्हणाला, म्हातारा सांगेल ते खरं." व्हर्जिल खुर्चीतून सावकाश उठला. "फक्त आजच फोन कर, पोरी. पाटी ओतणारा उद्या सकाळी नाव मागतोय."

"आणि एवढं एक विचार," केंड्रा मागून म्हणाली. "बाहेरच्या मैदानांवर तर नदी नव्हती. मग तिथं का नाही मारले?"

गाडी चालवताना व्हर्नाला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं. दहा-बारा. एवढे तर डोळे मिटून निघतील. ती लहान असताना मिलमधली माणसं घरी जेवायला यायची, तेव्हा पहिला घास खायच्या आधी कुणीतरी म्हणायचंच, एमिलच्या मनगटात नदी ओलांडायची ताकद आहे. तेवढ्या एका वाक्यावर ती इतकी वर्षं त्या तळघरात भांडत आली होती.

घरी एमिल टीव्हीपुढे होता. फ्लोरिडातला सरावाचा सामना चालू होता, आवाज बंद. तिनं कोट काढला, कोबीचं सूप गॅसवर ठेवलं आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"पप्पा, एक सांग. तुझे किती चेंडू नदीत गेले?"

"कुठल्या नदीत?"

"आपल्या. दुसरी कुठली नदी आहे? बाद व्हायचास ते."

एमिलनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "एक," तो म्हणाला.

"नीट आठव."

"त्यात आठवायचं काय? एकच गेला. पहिल्या वर्षी, जून महिन्यात. मी पळायलाही लागलो होतो. अंपायरनं बाद दिलं. परत येऊन बाकावर बसलो तर कुणी सरकून जागा देईना. नवाकोरा चेंडू होता तो. शेवटचा सामना फाटक्या चेंडूला टेप गुंडाळून खेळलो, माझ्यामुळं."

"आणि नंतर?"

"नंतर नाही उचलला." त्यानं मांडीवरचे दोन्ही हात जवळ आणून धरले. बोटं आता सरळही होत नव्हती, पण मनगटं फिरली, शेवटच्या क्षणाला खाली वळली. "आतला चेंडू आला की असा दाबायचा. उचलायला काय, कुणीही उचलतो. दाबायला मेहनत आहे."

"बाहेरच्या मैदानांवर तर मका होता. तिथं उचलायचास."

"घरी एक मनगट आणि बाहेर दुसरं, असं असतं होय? एकदा वळण लागलं की लागलं."

व्हर्ना इतकी वर्षं नदीतले चेंडू परत मागत होती, आणि नदीत चेंडू नव्हतेच. बापानं मारलेच नव्हते. जे मारले आणि बुडाले ते मोजता आले असते, केंड्रानं मोजलेही असते. जे मारलेच नाहीत ते कुठल्या आकड्यात धरायचे? डेलला कुणी कधी बाकावर जागा नाकारली नाही. त्याला होड्या मिळाल्या. दोघंही त्याच कुंपणाकडे बघत उभे होते, आणि एकाला गावानं सांगितलं मार, दुसऱ्याला सांगितलं खबरदार.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "ती लोकं तू सांगशील तो आकडा धरणार आहेत. दहा म्हणालास तरी पाटी तुझी आहे."

"दहा?"

"खोटं म्हणायला आता आहे कोण?"

एमिल हसला. हसताना त्याला धाप लागली, ती ओसरेपर्यंत ती त्याचा हात धरून राहिली. मग तो म्हणाला, "अगं, त्या बाकावरचे सगळे त्याच भिंतीवर तर आहेत. फ्रँक, दोघं साबो भाऊ, चेंडू टाकणारा तो किटकिट्या पिचर. त्यांच्यात दहाची पाटी लावून जाऊ? काय तोंड दाखवू?"

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फोन लावला. ओट्यावर दुसरा हात टेकून उभी राहिली, कारण पाय खरंच दुखत होते.

"एक," ती म्हणाली.

केंड्राला वाटलं नीट ऐकू आलं नाही. व्हर्नानं पुन्हा सांगितलं. मग मनगटाचं सांगितलं, बाकाचं सांगितलं. बोलता बोलता तिचं तिलाच जाणवलं, की हे सगळं खरं आहे आणि याचा काही उपयोग नाही.

"व्हर्ना, हे मला मांडता येत नाही गं," केंड्रा म्हणाली. "एकानं तो पुढे जात नाही."

"माहीत आहे. डेलचं नाव कळव."

"वाईट वाटतंय मला."

"तुझी चूक नाही, बाळ. जा, जेवून घे."

फोन ठेवल्यावर ती गॅसपाशी उभी राहून रडली. बापासाठी रडली, आणि थोडी स्वतःसाठीही. मार्च महिने किती गेले त्या तळघरात, त्या कॉफीवर. मग तोंड धुतलं, सूप ढवळलं आणि दोन वाट्या भरल्या.

"कुणाला दिली?" बाहेरून एमिलनं विचारलं.

"डेलला."

"छान झालं. हात सैल सोडून मारायचा तो. बघायला बरं वाटायचं."

तिनं वाटी त्याच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवली. टीव्हीवर कुणीतरी उंच मारला होता आणि प्रेक्षक मान वर करून बघत होते. एमिलही बघत होता. चेंडू कुंपणापलीकडे पडेपर्यंत त्यानं चमचा उचलला नाही.

"पप्पा, तो एक गेला ना नदीत," ती म्हणाली, "तेव्हा कसं वाटलं होतं?"

एमिलनं टीव्हीवरची नजर काढली आणि तिच्याकडे पाहिलं.

"बॅटला लागला ते हाताला कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "नुसता गेला. पार मध्यावर जाऊन पडला, पाणी उडालेलं दिसलं. फार बरं वाटलं गं. इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही." त्यानं चमचा वाटीत घातला. "म्हणून तर घाबरलो. एकदा चटक लागली असती तर संघाचे सगळे चेंडू बुडवले असते मी."

त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ नाही यात."

मीठ डॉक्टरांनी बंद केलं होतं. व्हर्ना उठली, फळीवरून डबी काढली आणि त्याच्या वाटीत चिमूटभर घातलं.